हवाई अंतर सांगणारे कॅल्क्युलेटर : आठ महिन्यांच्या वापरानंतर

कार्यालयातील सहकाऱ्यांच्या दूरच्या दौऱ्यांची आखणी माझ्याकडे असल्यामुळे, दोन विमानतळांची नावे भरताच हवाई अंतर आणि प्रवासाचा अंदाजे वेळ सांगणारे एक ऑनलाइन कॅल्क्युलेटर मी आठ महिने जवळजवळ रोज वापरत आहे. त्यातील अंतरावर मी आता निःशंकपणे विसंबतो. वेळेवर मात्र मुळीच नाही.

अंतर बृहद्वृत्ताने, म्हणजे गोलावरील सर्वांत जवळच्या वाटेने, मोजलेले असते. पृथ्वी ६,३७१ किलोमीटर त्रिज्येचा पूर्ण गोल आहे असे हे गणित धरते. प्रत्यक्षात ती ध्रुवांकडे किंचित चपटी असल्याने उत्तरात फार तर अर्ध्या टक्क्याचा फरक पडतो, आणि आखणीसाठी तो नगण्य आहे.

वेळेचे गणित मात्र भाबडे आहे. ताशी ९०० किलोमीटरने भागायचे आणि चढण्या-उतरण्यासाठी अर्धा तास मिळवायचा, एवढेच ते करते. लंडन ते न्यूयॉर्क या सुमारे ५,५५० किलोमीटरसाठी ते जाता-येता सारखेच, म्हणजे सहा तास चाळीस मिनिटे दाखवते. वेळापत्रकात न्यूयॉर्ककडे जाताना सुमारे आठ आणि परतताना सुमारे सात तास असतात, कारण अटलांटिकवरील जेट प्रवाह, म्हणजे खूप उंचावरील वेगवान वाऱ्याचा पट्टा, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. शिवाय विमान धावपट्टीपर्यंत जाण्याचा आणि उतरल्यावर फाटकाशी लागण्याचा वेळही वेळापत्रकात धरलेला असतो. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळी वाऱ्याच्या जोरावर एक प्रवासी विमान न्यूयॉर्कहून लंडनला पाच तासांच्या आत पोहोचले होते, परंतु असा दिवस गृहीत धरून कोणी बैठक ठरवू नये.

मी तशी एक ठरवली होती. हेलसिंकी ते टोकियोसाठी दाखवलेले नऊ तास प्रमाण मानून मी सहकाऱ्याची बैठक उतरण्याच्याच दिवशी ठेवली; तिकीट हाती आल्यावर प्रवास तेरा तासांचा असल्याचे कळले आणि बैठक पुढे ढकलावी लागली. २०२२ पासून युरोपीय विमान कंपन्यांना रशियाचे आकाश बंद असल्यामुळे त्यांची विमाने वळसा घालून जातात, याचा त्या आकड्याला पत्ताच नव्हता.

नावाऐवजी तीन अक्षरी विमानतळ संकेत भरणे श्रेयस्कर, कारण सॅन होजे कॅलिफोर्नियातही आहे आणि कोस्टा रिकातही.

थांबा कोठे घ्यावा हे ठरवताना मात्र या साधनाला माझ्या मते तोड नाही. लंडन ते सिडनी हे अंतर सुमारे १७,००० किलोमीटर भरते. सिंगापूरमार्गे दोन्ही टप्प्यांची बेरीज जेमतेम दीडशे किलोमीटरने वाढते, तर लॉस एंजेलिसमार्गे ती २०,८०० च्या आसपास जाते. स्वस्त तिकिटाचा मोह झाला की ही बेरीज मी आधी करून पाहतो, आणि मगच वेळापत्रक उघडतो.