पाच डॉलरच्या तिकिटात फिगर स्केटिंग

ऑलिंपिकमधले फिगर स्केटिंग आमच्या घरी वर्षानुवर्षे दूरचित्रवाणीवर पाहिले जाते. तरी या खेळात डोळ्यांइतकेच कानांनाही काम असते, हे मला गेल्या नोव्हेंबरात शिकागोच्या एका उपनगरात, तिथल्या क्लबाच्या स्पर्धेत अॅल्युमिनियमच्या थंडगार बाकावर बसल्यावर पहिल्यांदा कळले. माझी भाची त्या स्पर्धेत उतरणार होती, एवढेच माझ्या जाण्याचे कारण होते. तिची फेरी जेमतेम दीड मिनिटाची होती आणि मी मात्र सकाळी आठपासून दुपारी तीनपर्यंत तिथे होतो. प्रवेशाचे पाच डॉलर त्या मानाने फारच थोडे वाटले.

अशा स्पर्धेत सकाळी नुकतेच बर्फावर उभे राहायला शिकलेली सहा-सात वर्षांची मुले येतात, मग एकेक पायरी वरच्या गटातल्या मुली, आणि मधल्या वेळात प्रौढांचा गट. लहानांची फेरी एक ते दीड मिनिटाची असते. जागतिक स्पर्धेत वरिष्ठांची मोठी फेरी चार मिनिटांची असते, म्हणजे दूरचित्रवाणीवरच्या एका खेळाडूच्या वेळात इथे दोन-तीन जणी येऊन जातात. एक फसली तरी पुढची लगेच येते, त्यामुळे कंटाळा येत नाही. उलट एकच उडी लागोपाठ दहा जणींकडून पाहिल्यावर ती कुठे बिघडते हे आपले आपणच ओळखू लागतो, आणि दूरचित्रवाणीवरच्या कोणत्याही समालोचनातून मला इतके शिकायला मिळालेले नाही.

आता आवाजाविषयी. स्केटच्या पात्याच्या तळाला लांबीभर खोलगट पन्हळ असते आणि त्यामुळे एकाच पात्याला आतली आणि बाहेरची अशा दोन धारा मिळतात. शरीर नीट कलवून एका धारेवर तोल सांभाळणाऱ्या मुलीचे पाते बर्फ कापते तेव्हा विळीवर कोबी चिरल्यासारखा दबका, सलग आवाज येतो; जिचा भार पात्याच्या टोकावरच्या दातांवर जातो तिच्या पायाखाली बर्फ खरवडल्यासारखा करकरतो. पहिल्या तासाभरात मला हा फरक डोळे मिटूनही कळू लागला. रिंकच्या वरच्या बाजूला काचेआड एक उबदार खोली होती आणि बहुतेक पालक कॉफीचे पेले घेऊन तिथेच बसले होते. त्यांना थंडी वाजली नाही हे खरे, पण त्यांना यातले काहीच ऐकू आले नाही.

जागा निवडताना लोक साधारणपणे परीक्षकांच्या मागे बसू पाहतात, कारण फेरीची रचना त्यांच्या दिशेने केलेली असते. हात, चेहरा, पोशाख पाहायचा असेल तर ती जागा ठीक आहे. मी मात्र तासाभराने उठून कोपऱ्यातल्या काचेपाशी गेलो, कारण लुट्झ नावाची उडी बहुधा कोपऱ्याकडे जाताना मारली जाते. मागे सरकत येणारी मुलगी बाहेरच्या धारेवर लांबलचक वळण घेत येते आणि दुसऱ्या पायाचे टोक बर्फात रोवून त्या वळणाच्या उलट दिशेने फिरत उडते. शरीराला हे मुळीच पटत नाही, म्हणून शेवटच्या क्षणी पाऊल हळूच आतल्या धारेवर कलंडते आणि लुट्झची फ्लिप नावाची दुसरीच उडी होऊन जाते. ही चोरी परीक्षक पकडतात, आणि कोपऱ्यात उभे राहिलात तर तुम्हालाही पकडता येते. अॅक्सेल ओळखायला सोपी आहे: उडताना तोंड पुढे असते ती हीच एक उडी, आणि उतरायचे मागे सरकत असल्यामुळे तिच्यात अर्धी गिरकी जास्त पडते. त्या अर्ध्या गिरकीसाठी मुली वर्षवर्ष पडत राहतात. माझ्यासमोर एक जण सरावाच्या मिनिटांत चार वेळा पडली आणि नाव पुकारल्यावर मात्र तिने ती स्वच्छ उतरवली. काचेला नाक लावून उभ्या असलेल्या तिच्या प्रशिक्षिकेने हातातली पाण्याची बाटली खाली टाकली.

दुसरा एक प्रसंग हसू आणणारा होता, पण कोणी हसले नाही. बर्फाबाहेर चालताना पात्यांना रबरी आवरणे घालतात. एक चिमुरडी घाईत ती न काढताच बर्फावर उतरली आणि दोन्ही पाय हवेत जाऊन सपशेल आडवी झाली. दारापाशी उभ्या असलेल्या स्वयंसेवक बाईंनी काही न बोलता ती आवरणे काढून आपल्या कोटाच्या खिशात घातली, मुलीच्या पाठीवर हात ठेवला आणि तिला पुन्हा आत सोडले.

निकाल समजून घेणे हा या अनुभवातला सर्वांत किचकट भाग आहे, आणि इथे आयोजकांनी प्रेक्षकाला काहीच मदत केली नाही. मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून सहा गुणांची जुनी पद्धत 2002 च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकमधल्या परीक्षणाच्या वादानंतर मोडीत निघाली. अमेरिकेतल्या क्लब स्पर्धांमध्ये खालच्या गटांसाठी ती अजून वापरली जाते. तिच्यात गुणांची बेरीज होत नाही. प्रत्येक परीक्षकाने दिलेला क्रमांक मोजला जातो आणि बहुमत पाहिले जाते. आमच्या भाचीला तीन परीक्षकांनी चौथा, तिसरा आणि पहिला असे क्रमांक दिले होते. एकाने पहिला दिला म्हणून तिची आई हरखली, पण तिघांपैकी दोघांनी तिला तिसरी किंवा त्याहून वर ठेवले असल्याने ती तिसरी आली. जी पहिली आली तिला एक, एक आणि तीन असे क्रमांक होते. भिंतीवर चिकटवलेला हा कागद वाचून दाखवणारे कोणी तरी तिथे असायला हवे होते. मला तो शेजारच्या एका अनुभवी आजोबांनी समजावला. जाता जाता सांगायचे म्हणजे इकडे चौथ्या क्रमांकालाही पदक मिळते, प्युटर नावाच्या राखाडी मिश्रधातूचे.

तक्रारी आणखी आहेत. ध्वनिक्षेपकाचा आवाज छताखाली इतका घुमत होता की खेळाडूंची नावे कळत नव्हती. त्याहून गंभीर म्हणजे वेळापत्रक. एका गटातल्या दोन मुलींनी माघार घेतल्यामुळे पुढचा गट छापील वेळेच्या वीस मिनिटे आधी बर्फावर उतरला आणि दोन तास गाडी चालवून आलेल्या एक आजी दारात पोहोचल्या तेव्हा त्यांची नात पायातले स्केट सोडत होती. वेळापत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरांत तशी सूचना होती म्हणे. जाणाऱ्याने किमान पाऊण तास आधी पोहोचावे, जाड मोजे घालावेत आणि बाकावर अंथरायला घडी घातलेली सतरंजी न्यावी. खाण्याच्या खिडकीवरचे पॉपकॉर्न शिळे होते. हॉट चॉकलेट बरे होते, मुख्यतः हात शेकायला.

दुपारी प्रौढांच्या गटात साठीच्या आसपासच्या एक बाई निळा पोशाख घालून आल्या. त्यांच्या फेरीत मोठी उडी एकही नव्हती. दोन साध्या उड्या, एक संथ गिरकी आणि मग एका पायावर, दुसरा पाय मागे उचलून, रिंकच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेले एकच लांब वळण. काचेआडच्या खोलीतून काही जण तेवढ्यासाठी बाहेर येऊन उभे राहिले. त्या वळणाचा आवाज जवळजवळ आलाच नाही, आणि त्या निघून गेल्यावर बर्फावर उमटलेली ती बारीक पांढरी रेघ झांबोनी, म्हणजे बर्फ पुन्हा गुळगुळीत करणारी गाडी, येईपर्यंत मी पाहत होतो.

पुढची स्पर्धा मार्चमध्ये आहे. भाचीने नाव दिले नाही तरी मी जाणार आहे आणि थेट कोपऱ्यातच बसणार आहे.