रॅम्बो: लास्ट ब्लड – एवढ्या मोठ्या सिरीजचा असा शेवट?

(स्पॉयलर आहेत, बघायचा असेल तर आधी बघून घ्या.)

रॅम्बोचा शेवटचा पार्ट, २०१९ चा लास्ट ब्लड, अखेर बघितला आणि सरळ सांगतो, मन खट्टू झालं. रक्तपात जास्त आहे म्हणून नाही, २००८ च्या बर्मावाल्या पार्टमधे काय कमी रक्त होतं का, पण तिथे करेन या वांशिक गटाच्या लोकांवर लष्कराचे अत्याचार चाललेत, मिशनरी पकडले गेलेत आणि हा माणूस नको नको म्हणत परत युद्धात ओढला जातोय हे पटत होतं. इथे हिरोचं नाव बदलून दुसरं काहीही ठेवा, काडीचा फरक पडत नाही.

रॅम्बो ॲरिझोनात वडिलांच्या फार्मवर घोडे सांभाळतोय, सोबत मारिया आणि तिची नात, जिला याने पोटच्या पोरीसारखं जपलंय. पोरगी बापाला शोधायला मेक्सिकोत जाते, तिथे विकली जाते, हा सोडवायला जातो, मार खातो, पोरगी वाचत नाही, मग बदला. असले पिक्चर ढिगाने बघितलेत आपण. आणि पहिल्या पार्टमधे जंगलात ज्याची सावलीसुद्धा पोलिसांना सापडत नव्हती तो माणूस इथे गुंडांच्या घोळक्यात इतक्या सहज सापडतोच कसा?

१९८२ चा फर्स्ट ब्लड आठवा ना. शेवटी आपल्या जुन्या लष्करी वरिष्ठासमोर, ट्रॉटमनसमोर, तो कोसळतो, व्हिएतनाम युद्धातली सायगॉनच्या बारमधली ती बुटपॉलिशची पेटी, तिचा स्फोट, मित्राचे पाय सापडत नाहीत हे सांगताना हमसून हमसून रडतो. त्या अख्ख्या पिक्चरमधे मरतो एकच माणूस, तोही हेलिकॉप्टरमधून पडून! देशाने वापरून घेतलेला आणि मग वाऱ्यावर सोडलेला सैनिक, रॅम्बो म्हणजे हा होता.

लास्ट ब्लडमधे हे सगळं थोडे फ्लॅशबॅक, औषधाच्या गोळ्यांची बाटली आणि फार्मखालचे बोगदे यात उरकलंय. बोगद्यांची आयडिया खरंतर भारी होती, व्हिएतनाम युद्धात अमेरिकेविरुद्ध लढणारे व्हिएत काँग गनीम बोगद्यांतून लढायचे आणि तेच युद्ध हा माणूस म्हातारपणी घराखाली खोदून त्यात राहतोय, यावर अख्खा पिक्चर झाला असता हो. पण दिग्दर्शक ॲड्रियन ग्रुनबर्गला ते फक्त शेवटच्या सापळ्यांसाठी हवेत. ती शेवटची मारामारी जबरदस्त आहे हे मान्य, मागे द डोअर्सचं गाणं, अंधारात एकेक जण टिपला जातोय, आणि स्टॅलोन सत्तरीनंतर हे करतोय त्याला सलामच. पण शेवटी तो व्हिलनचं काळीज कापून काढतो तेव्हा मला काहीच वाटलं नाही, कारण पोरी विकणाऱ्या टोळीच्या म्होरक्यांना, मार्टिनेझ बंधूंना, माणूस म्हणून उभंच केलेलं नाही. मेक्सिकोत एक पत्रकार बाई सोडली तर चांगलं कोणी भेटतच नाही, आणि ते काम करणाऱ्या पाझ वेगालाही मोजके सीन देऊन गायब केलंय.

ज्यांच्या १९७२ च्या कादंबरीतून रॅम्बो आला त्या डेव्हिड मोरेल यांनीच जाहीरपणे सांगितलं होतं की या पिक्चरशी आपलं नाव जोडलं गेल्याची लाज वाटते. मला ते शंभर टक्के पटलं. बर्मावाल्या पार्टच्या शेवटी तो वडिलांच्या घरी पोचतोच, सिरीज तिथेच थांबवायला हवी होती.

नुसती मारधाड हवी असेल तर शेवटचा बोगद्यांचा भाग बघा, पोरांना मात्र सोबत बसवू नका.