प्लेफेअर की कॉर्मोरंट? सजावटी इटॅलिक निवडताना

लग्नपत्रिकेवरची इंग्रजी नावं, कॅफेच्या मेन्यूचं शीर्षक, मासिकातलं मोठ्या अक्षरातलं अवतरण. अशा जागी डौलदार इटॅलिक हवं असेल आणि फॉन्टसाठी पैसे मोजायचे नसतील, तर प्लेफेअर डिस्प्ले आणि कॉर्मोरंट हे दोन फॉन्ट आधी पाहा. दोन्ही खुल्या परवान्याचे आहेत, गूगल फॉन्ट्सवर मिळतात आणि छापील कामालाही बिनदिक्कत चालतात.

प्लेफेअर डिस्प्ले हा क्लाउस एगर्स सोरेन्सन यांचा, २०११चा फॉन्ट. त्याची मुळं अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, इंग्रज मुद्रक बास्करव्हिलच्या काळात आहेत. जाड रेघ भरदार, बारीक रेघ केसासारखी, टोकांना टपोरे थेंब. स्मॉल अक्षरं कॅपिटलच्या मानाने बरीच उंच असल्यामुळे मोबाइलच्या पडद्यावरही शब्द भरून दिसतो. ब्लॅक वजनातलं, म्हणजे सर्वात जाड रेघेचं, त्याचं इटॅलिक तर पोस्टरवर एकट्याने जागा पेलतं.

ख्रिश्चन थालमान यांचा कॉर्मोरंट सोळाव्या शतकातल्या क्लोद गारामाँ या फ्रेंच अक्षर-कोरणाऱ्याकडे पाहतो. स्मॉल अक्षरं बुटकी, वर-खाली जाणारे दांडे लांब, रेघ नाजूक. मोठ्या आकारात, चांगल्या कागदावर, भोवती भरपूर मोकळी जागा सोडून लावलेलं हे इटॅलिक मला दोघांत जास्त सुंदर वाटतं. पण त्याच आकड्याच्या पॉइंटला ते प्लेफेअरपेक्षा लहान दिसतं, म्हणून आकार वाढवावाच लागतो. गडद पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं किंवा सोनेरी फॉइल असेल तर लाइट वजन टाळा, रेघा तुटतात. तिथे सेमीबोल्ड घ्या, किंवा सरळ प्लेफेअरकडे वळा.

प्लेफेअरची एक खोड आधीच माहीत हवी. त्याचे आकडे मुळात जुन्या वळणाचे, वर-खाली होणारे आहेत. वाक्यात ते गोड दिसतात, फोन नंबरात आणि दरपत्रकात मात्र डोळ्यांना खुपतात. ‘लायनिंग’, म्हणजे एकसारख्या उंचीच्या आकड्यांचा पर्याय फॉन्टमध्येच आहे, तो चालू करा.

लांब मजकुराला दोन्ही नकोत. एक ओळ, फार तर दोन.

वेबसाइटवर इटॅलिकची फाइल वेगळी जोडली आहे ना, हे नक्की बघा. नसेल तर ब्राउझर सरळ अक्षरंच तिरपी करून दाखवतो. खऱ्या इटॅलिकमध्ये अक्षराची घडणच वेगळी असते, हाताच्या लिखाणातून आलेली. व्हेनिसमध्ये आल्डुस मानुतिउसने १५०१ साली व्हर्जिलचं छोटेखानी पुस्तक छापलं, त्यासाठी फ्रांचेस्को ग्रिफोने कोरलेलं इटॅलिक असंच लेखणीच्या वळणाचं होतं.

शेजारी मराठी मजकूर असेल तर तो तिरपा करू नका. दोन्ही फॉन्टांत देवनागरी नाही, आणि सॉफ्टवेअरने कलवलेल्या देवनागरीत शिरोरेखा आडवीच राहून दांडे तेवढे झुकतात. प्लेफेअरसोबत रोझा वन हा फॉन्ट घ्या. त्याच्या देवनागरीतही जाड-बारीक रेघांचा तसाच ठसठशीत फरक आहे. कॉर्मोरंटसोबत तो फार भारी पडतो, तिथे एखादी हलक्या वजनाची साधी देवनागरीच बरी.