विंटर पार्का: कॅनडा गूज, नॉर्थ फेस की पातळ पफर? टोरंटोचा हिशोब वेगळा, विनिपेगचा वेगळा

कॅनडाला यायचं नक्की झालं की व्हिसाच्या पाठोपाठ प्रश्न येतो जॅकेटचा, आणि ज्याला विचाराल तो एकच सांगतो, "सगळ्यात गरम असेल ते घे, पैशाकडे बघू नको". मला हे पटत नाही. टोरंटोत जानेवारीतल्या रात्री सरासरी मायनस ६-७ च्या आसपास असतात, विनिपेगला मायनस २१, आणि व्हँकुव्हरला तर शून्याच्या जरा वरच पण दिवसभर रिपरिप पाऊस. तिन्ही ठिकाणी एकच पार्का, म्हणजे हूडवाला लांब जाड कोट, घालून फिरायचं म्हटलं तर एकजण घामाने भिजणार, एकजण पावसाने भिजणार, आणि एकाचंच बरोबर जमणार. म्हणून आधी शहर ठरवा, मग रोज किती वेळ बाहेर उभं राहायचंय ते बघा, ब्रँड सगळ्यात शेवटी. उभं राहणं म्हणतेय हां, चालणं नाही. चालणारा माणूस आपोआप तापतो, बसस्टॉपवर वीस मिनिटं खांबासारखा उभा असतो तो खरा काकडतो.

मी टोरंटोत, दीर-जाऊ विनिपेगला, त्यामुळे आमच्या घरात दोन्ही जातीचे पार्का आहेत आणि दर ख्रिसमसला त्यावरून वाद पण आहेत.

दुकानात टॅगवर मोठ्या अक्षरात असतो तो फिल पॉवरचा आकडा, ५५०, ६००, ७००, ८००. लोकांना वाटतं जितका मोठा तितकं गरम. तसं नाहीये ते. एक औंस म्हणजे साधारण २८ ग्रॅम डाउन (आत भरलेली पक्ष्यांची मऊ लव) फुगून किती घन इंच जागा घेतं, एवढंच तो आकडा सांगतो. पिंजून घेतलेला कापूस आणि गादीत दबून बसलेला कापूस, वजन तेच पण फुगवटा वेगळा, तसंच. पण आत एकूण किती ग्रॅम भरलंय ते वेगळंच गणित आहे आणि ते बऱ्याच टॅगवर लिहिलेलंच नसतं. युनिक्लोच्या अल्ट्रा लाइट डाउनवर ७५० च्या वरचा आकडा असतो, कॅनडा गूजच्या एक्स्पेडिशन पार्कावर ६२५. आकड्यावर गेलात तर युनिक्लो जिंकतो, प्रत्यक्षात तो दुमडून पिशवीत मावणारा पातळ पफर, म्हणजे कप्प्याकप्प्यांचं फुगीर जॅकेट आहे आणि एक्स्पेडिशन दोन किलोच्या पुढचं धूड. मोठ्या फिल पॉवरचा खरा फायदा म्हणजे तेवढीच ऊब कमी वजनात मिळते, हिमालयात पाठीवर सामान घेऊन चढायचं असेल तर त्याला अर्थ आहे, सबवेने ऑफिसला जाणाऱ्याला फार नाही.

सोबत ८०/२० किंवा ९०/१० असं काहीतरी लिहिलेलं असतं, पहिला आकडा डाउनचा म्हणजे पोटाखालच्या मऊ लवेचा, दुसरा काड्यावाल्या पिसांचा. ८०/२० असेल तरी चांगलं. पार्काचा एक कप्पा चिमटीत धरून बघा, बोटाला खूप काड्या टोचत असतील तर ठेवून द्या. मग मूठभर दाबून सोडा, पटकन फुगून वर आला पाहिजे.

आता समोरासमोर ठेवूया. महागातलं महाग म्हणजे कॅनडा गूज एक्स्पेडिशन. कंपनी टोरंटोचीच, १९५७ ची, आणि हा पार्का मुळात अंटार्क्टिकातल्या संशोधकांसाठी बनवला होता. ते पाच पायऱ्यांचं स्वतःचं मोजमाप देतात, त्यात हा पाचव्या पायरीवर, म्हणजे मायनस ३० आणि त्याखाली. किंमत दीड हजार डॉलरच्या वर, आणि ऑन्टॅरिओत त्यावर १३ टक्के टॅक्स, तो टॅगवर नसतो, काउंटरवर कळतो. त्याच्यासमोर नॉर्थ फेसचा मॅकमर्डो, बायकांसाठी त्यांचाच आर्क्टिक पार्का, ६०० फिल, सेल नसताना साधारण चारशे ते साडेपाचशे डॉलर. गंमत म्हणजे मॅकमर्डो हे अंटार्क्टिकातल्या अमेरिकन स्टेशनचंच नाव, म्हणजे दोघंही एकाच गावचं नाव सांगतात.

पण खरा फरक गावाचा नाही, कापडाचा आहे. एक्स्पेडिशनचं कापड पॉलिस्टर आणि कॉटनचं मिश्रण, घट्ट विणीचं, वारा आत येऊ देत नाही, काट्याकुट्यात फाटत नाही, पण ते वॉटरप्रूफ नाही, थोडंफार पाणी झटकतं इतकंच. नॉर्थ फेसच्या त्या दोन्हींचं कापड वॉटरप्रूफ आहे. तिप्पट पैसे देऊन पावसात कमी चालणारा कोट, हे ऐकून नवीन माणसाला विश्वासच बसत नाही. कारण साधं आहे, मायनस ३० ला पाऊस पडतच नाही, तिथला बर्फ कोरडा, पिठासारखा, झटकला की गेला. टोरंटोत मात्र शून्याच्या अल्याडपल्याड सगळा खेळ, सकाळी बर्फ, दुपारी पाऊस, संध्याकाळी फ्रीझिंग रेन म्हणजे पडल्यापडल्या गोठणारा पाऊस आणि फुटपाथवर घोटाभर चिखलबर्फ. आणि डाउनचा शत्रू थंडी नाहीच, पाणी आहे. भिजलं की लव चिकटून गोळा होते, फुगवटा जातो, फुगवटा गेला की ऊब गेली, मग आत राजहंस असो की बदक.

म्हणून टोरंटो, हॅमिल्टन, लंडन (इंग्लंडचं नाही, ऑन्टॅरिओतलं), वॉटर्लू इथे येणाऱ्या स्टुडंटना मी सरळ सांगते, मॅकमर्डोच्या जातीचं घ्या, म्हणजे वॉटरप्रूफ कापड, ६०० च्या आसपास फिल, मांडीपर्यंत लांबी, हूड. तोच ब्रँड पाहिजे असं काही नाही, कोलंबियाचे चंदेरी ठिपक्यांच्या अस्तरवाले पण चालतात, कॉस्टकोत सीझनच्या सुरुवातीला बरे डाउन पार्का येतात, फक्त टॅगवर वॉटरप्रूफ आहे की नुसतं वॉटर रेझिस्टंट ते नीट वाचा, दोन्हीत फार अंतर आहे. आणि उरलेल्या पैशातून बूट घ्या चांगले, कारण थंडी पायातून चढते, आणि हजार डॉलरचा पार्का घालून कॅनव्हासच्या बुटात थरथरणारी मुलं इथे दर डिसेंबरला दिसतात.

शिवाय घामाचा मुद्दा आहे, तो कोणी सांगत नाही. इथे बाहेर मायनस ८ असलं तरी बस, सबवे, मॉल, क्लासरूम सगळं तापवलेलं, २१-२२ डिग्री. मायनस ३० चा पार्का घालून भरलेल्या सबवेत अर्धा तास उभं राहून बघा, चेन उघडली तरी पाठीवरून धार लागते, आणि तो घाम घेऊन परत वाऱ्यात आलात की सर्दी झालीच म्हणून समजा, असं निदान माझी सासू तरी म्हणते.

विनिपेग, सास्काटून, एडमंटनला जाणाऱ्यांनी मात्र वरचा सगळा परिच्छेद विसरा. तिथे वारा. मायनस २० ला ताशी ३० किलोमीटरचा वारा असला तर अंगाला मायनस ३३ वाटतं, आणि मायनस २८ च्या खाली विंड चिल, म्हणजे वाऱ्यामुळे अंगाला जाणवणारी थंडी, गेलं की उघडी कातडी दहा ते तीस मिनिटांत गोठू शकते, मायनस ४० च्या खाली तर पाच-दहा मिनिटांत. हे कॅनडाच्या सरकारी हवामान खात्याचे आकडे आहेत, घाबरवायला नाही सांगत. तिथे खोल हूड लागतंच, म्हणजे चेन वरपर्यंत ओढली की चेहऱ्यापुढे बोगदा तयार होईल असं. हूडच्या कडेची ती केसाळ झालर शोभेची नाही, ती चेहऱ्यासमोरचा वारा मोडते आणि थोडी हवा स्थिर ठेवते. खऱ्या फरचा वाद होता, कॅनडा गूजने २०२१ मध्ये फर बंद करायचं जाहीर केलं, पण सेकंडहँड घेताना जुन्या पार्कावर कायोटी या कोल्ह्यासारख्या प्राण्याची फर असते, ज्यांना ते चालत नाही त्यांनी आधी विचारावं.

जाऊबाईंचा एक्स्पेडिशनच्याच वर्गातला आहे, त्या सकाळी सातला बससाठी उभ्या राहतात आणि त्यांच्यासाठी तो पैसा वसूल आहे यात वादच नाही. त्या टोरंटोला आल्या की तोच घालतात आणि मग मॉलमध्ये तो हातात घेऊन फिरतात, दोन किलोचं बाळ कडेवर घेतल्यागत, आणि दिराला धरायला लावतात.

पातळ पफरचं काय, तर तो वाईट नाही, त्याचं काम वेगळं. ऑक्टोबर ते नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत तो एकटा पुरतो, पुढे मोठ्या रेनकोटसारख्या शेलच्या आत घातला की टोरंटोतले बरेच दिवस निघतात. व्हँकुव्हरला तर मी हेच सांगेन, आत पफर वर चांगला वॉटरप्रूफ शेल, मोठा डाउन पार्का तिथे पैसे वाया. सप्टेंबरमध्ये उतरणाऱ्या मुलांनी पहिल्या आठवड्यात पार्का घ्यायला धावू नये, शंभरेक डॉलरच्या पफरवर नोव्हेंबर अखेरच्या ब्लॅक फ्रायडेच्या सेलपर्यंत काढावं. २६ डिसेंबरच्या बॉक्सिंग डेला पण सेल असतो पण तोपर्यंत मधले साइज उडालेले असतात, एक्स्ट्रा स्मॉल आणि तंबूएवढे उरतात.

पुण्या-मुंबईतून घेऊन यावं का? ट्रेकिंगच्या दुकानातले मायनस ५, मायनस १० लिहिलेले पफर मिळतात तिकडे आणि ट्रेकसाठी ते छानच आहेत, पण ते कमरेपर्यंतचे, आणि तो आकडा साधारण हालचाल करणाऱ्या माणसाचा असतो. त्यातला एखादा घेऊन या, तो आतला थर म्हणून कामी येतोच, पण मोठा पार्का इथेच घ्या. तिकडे एसी दुकानात अंगात घालून काही कळत नाही आणि तेवीस किलोच्या बॅगेत तो अर्धी जागा खातो, त्या जागेत भाजणी, गोडा मसाला येईल.

सिंथेटिक भरावाचा पार्का हा चौथा पर्याय, आणि त्याला उगाच कमी लेखतात. प्राइमालॉफ्ट, थिन्सुलेट असली नावं दिसतील. भिजला तरी बऱ्यापैकी ऊब धरतो, घरी धुता येतो, स्वस्त पडतो. तोटा असा की तेवढ्याच ऊबेला जास्त जाड आणि जड लागतो, आणि दाबून दाबून काही वर्षांत त्याचा फुगवटा बसतो तो परत येत नाही. नीट जपलेला डाउन त्यापेक्षा खूप जास्त टिकतो. पण तुम्ही दोन वर्षांच्या कोर्सला येताय, पुढचं काही ठरलेलं नाही, किंवा पिसं अंगावर नकोत असं घरातूनच आहे, तर सिंथेटिक घ्या आणि मोकळे व्हा. डाउनच घ्यायचं पण पक्ष्यांचं मन खात असेल तर टॅगवर आरडीएस (रिस्पॉन्सिबल डाउन स्टँडर्ड) हे प्रमाणपत्र बघा, जिवंत पक्ष्याची पिसं उपटणं आणि जबरदस्तीने चारणं त्यात चालत नाही.

सेकंडहँडबद्दल, ते जरूर बघा, इथे लोक चांगले पार्का दोन सीझन वापरून विकतात. फक्त कॅनडा गूज दोनशे डॉलरला मिळतोय म्हटलं की सावध. नकलीचा बाजार मोठा आहे. २०११ पासून खऱ्याच्या आत शिवलेला होलोग्राम असतो, तो नसेल तर हात जोडून घरी या. नकलीत आत नक्की काय भरलंय त्याचा भरवसा नसतो, म्हणजे पैसे जातात आणि थंडीही वाजते.

दुकानात घालून बघताना आत जाड स्वेटर घालूनच जा. मग खाली बसून बघा, कारण उभ्याने छान दिसणारा पार्का बसल्यावर गळ्याशी येतो, त्यासाठीच दोन्ही बाजूंनी उघडणारी चेन पाहिजे, खालून थोडी उघडायची की झालं. मान डावी-उजवी वळवा, हूड मानेबरोबर फिरलं पाहिजे, नाहीतर रस्ता क्रॉस करताना तुम्ही कापडाकडे बघताय आणि गाडी येतेय. चेनच्या मागे वारा अडवणारी पट्टी आहे का, बाहीच्या आत विणलेला घट्ट कफ आहे का, हातमोजे घालून चेन पकडता येते का. आणि शिवणी बघा, पातळ पफरमध्ये शिवण आरपार असते, त्या रेघेत डाउन नसतंच, तिथूनच गारवा शिरतो. मोठ्या पार्कात वरचं कापड वेगळं आणि भराव आतल्या थरात असतो म्हणून तो त्रास कमी. छातीच्या आतला एक खिसा फोनसाठी ठेवा, बाहेरच्या खिशात थंडीने बॅटरी झटक्यात उतरते.

शिवणीतून एखादं पीस डोकावलं तर ते उपटायचं नाही, मागच्या बाजूने चिमटीत धरून आत ओढून घ्यायचं. बाहेर ओढलं की भोक मोठं होतं आणि मागोमाग दुसरं येतं. घरी धुण्याआधी आतलं लेबल वाचा, काही कंपन्या फक्त ड्रायक्लीन सांगतात. धुवायला परवानगी असेल तर फ्रंट लोडर वॉशिंग मशीन, डाउनसाठी मिळतो तो साबण, सॉफ्टनर अजिबात नाही, आणि ड्रायरमध्ये कमी हीटवर दोन-तीन टेनिस बॉल टाकून लावा, बॉल आपटून आपटून गोळे फोडतात. तास-दीड तासात झालं असं वाटेल, पण बाहेरून कोरडा दिसला तरी आत ओल असते, हाताला एकही गाठ लागेनाशी होईपर्यंत चालू ठेवा. सीझन संपला की जागा वाचवायला व्हॅक्यूम बॅगेत दाबून ठेवू नका, हँगरवर मोकळा लटकवा, कपाटात जागा नसेल तर दाराच्या मागे.