खर्ज हवा, पण कानशिलं दुखायला नकोत: जास्त बेसच्या हेडफोनची तुलना

जास्त बेसचे हेडफोन घ्यायला निघालेला माणूस आधी ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारा आतला पडदा, किती मिलिमीटरचा आहे ते बघतो. खोक्यावर ४० ऐवजी ५० दिसलं की त्याला वाटतं, यात खर्ज जास्त असणार. पण कानात घालायच्या इअरफोनमध्ये जेमतेम १० मिलिमीटरचा ड्रायव्हर असतो आणि तो नीट बसला तर २० हर्ट्झपर्यंतचा (सेकंदाला २० कंपनांचा) खालचा आवाज सहज ऐकवतो. 'फ्रीक्वेन्सी रेंज'चंही, म्हणजे हेडफोन कुठून कुठवरचे स्वर वाजवतो त्या आकड्याचंही, तसंच. बायरडायनॅमिकच्या डीटी ७७० प्रो या हेडफोनवर ५ ते ३५,००० हर्ट्झ असं लिहिलेलं असतं. माणसाचा कान साधारण २० हर्ट्झच्या खाली स्वर ओळखतच नाही, शिवाय त्या टोकाला आवाज किती उतरलेला असतो हे त्या आकड्यात कुठेच नसतं. निवड करताना हे दोन्ही आकडे मी बघत नाही. मी बघते ती पॅड (कानाभोवतीची गादी) आणि डोकं यांच्यातली फट.

खालच्या स्वरांसाठी कपाच्या आत कोंडलेल्या हवेचा दाब टिकावा लागतो. कुठे फट राहिली की तो दाब निसटतो आणि सगळ्यात आधी खर्ज जातो. वरचे स्वर जवळपास तसेच राहतात, त्यामुळे काहीतरी गळतंय अशी शंकाही येत नाही. हेडफोन 'पातळ' वाजतोय एवढंच वाटत राहतं.

मला हे कळायला पंधरा दिवस लागले. नवीन हेडफोन आणले होते, सगळे त्यांच्या बेसचं कौतुक करत होते आणि मला तो सापडत नव्हता. इक्वलायझरमध्ये, म्हणजे स्वरांचे पट्टे वेगवेगळे कमी-जास्त करायच्या सोयीत, रोज थोडा थोडा बेस वाढवत गेले. एकदा काचा पुसायला चष्मा काढला, गाणं चालूच होतं, आणि एकदम खालून घुमारा भरून आला. माझ्या चष्म्याच्या काड्या जाड होत्या. कानामागे त्या पॅडला उचलून धरत होत्या आणि सगळा बेस त्या फटीतून जात होता.

तेव्हापासून कुठलाही हेडफोन हातात आला की मी आधी तळहाताची चाचणी करते. ओळखीचं गाणं लावायचं आणि दोन्ही कप तळहातांनी हलकेच आत दाबायचे. बेस ठळकपणे वाढला तर फट आहे. मग दोष हेडफोनच्या आवाजात नाही, बसण्यात आहे. दाबूनही काहीच बदललं नाही, तर तो हेडफोन तसाच वाजतो असं समजायचं. ही दोन सेकंदांची चाचणी करून बघितल्याशिवाय इक्वलायझरला हात लावू नये.

ऐकायचा बेस की अंगात जाणवणारा?

बेससाठीच बनवलेल्या वायरलेस हेडफोनमध्ये दोन तऱ्हा आहेत आणि त्यांतला फरक विकत घेण्याआधीच समजलेला बरा.

सोनीचा यूएलटी वेअर हा पहिल्या तऱ्हेचा. २०२४ साली आला, वजन २५५ ग्रॅम. कपावर एक बटण आहे, त्याने बेसच्या दोन पायऱ्या मिळतात: एक खोल खर्जासाठी, दुसरी ठोक्याच्या दणक्यासाठी. बटण बंद ठेवलं तर नेहमीसारखा वाजतो. इथे बेस आवाजातूनच येतो. सर्किट खालचे स्वर उचलून ड्रायव्हरला देतं.

स्कलकँडीचा क्रशर इव्हो दुसऱ्या तऱ्हेचा. त्यात नेहमीच्या ड्रायव्हरखेरीज कंपनं देणारा वेगळा भाग आहे आणि कपावर सरकपट्टी आहे. पट्टी वर नेली की ढोलाच्या ठोक्याला कप खरोखर थरथरतो, ते कानशिलांवर आणि गालाच्या हाडावर जाणवतं. वजन ३१२ ग्रॅम.

कुठला घ्यावा? सिनेमा, गेम, नाचायची गाणी ऐकायची असतील तर क्रशर जे देतो ते दुसरीकडे मिळत नाही. त्याचा एक फायदा फारसा कुणी सांगत नाही: अंगाला हादरा मिळतो म्हणून आवाज कमी ठेवूनही भागतं. मात्र कंपनाला बारकावा नसतो. बेस गिटारची खालची तार ४१ हर्ट्झला वाजते, तिच्या वरचे सूर एकामागून एक बदलतात, पण कंपनात ते सगळे एकाच थरथरीसारखे लागतात. मी कसोटीला तबल्याचा डग्गा लावते. 'घे' या बोलावर तळहात घासत नेला की स्वर खालून वर चढतो. चांगल्या हेडफोनमध्ये तो चढ रेघेसारखा स्पष्ट ऐकू येतो, पट्टी अर्ध्याच्या वर नेलेल्या क्रशरमध्ये मात्र नुसती धडधड उरते. दिवसभर घालायला आणि सगळ्या तऱ्हेचं संगीत ऐकायला मी यूएलटी वेअरसारखाच निवडेन, तोही बेसचं बटण बहुतेक वेळ बंद ठेवून.

स्टुडिओतले क्लोज-बॅक

मागून बंद असलेले स्टुडिओ हेडफोन 'बेसवाले' म्हणून विकले जात नाहीत, तरी माझा कल त्यांच्याकडे आहे. दोन नावं सारखी समोर येतात: ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम५०एक्स आणि मघाचाच डीटी ७७० प्रो.

वजनात ते जवळपास सारखे आहेत, वायर सोडून अनुक्रमे २८५ आणि २७० ग्रॅम. डोक्यावर मात्र फार वेगळे लागतात. एम५०एक्सची पकड घट्ट, पॅड कृत्रिम चामड्याचे आणि आतली जागा बेताची. मोठ्या कानांचा वरचा काठ पॅडखाली सापडतो आणि तासाभरात ठणकायला लागतो. पण त्याच पकडीमुळे तो फट राहू देत नाही, आणि त्याचा बेस आवळलेला, ठोसेबाज लागतो. डीटी ७७० चे पॅड मखमली, गोल आणि प्रशस्त. कान आत मोकळा राहतो, गरम होत नाही, चार-पाच तास घातला तरी त्रास नाही. मखमलीतून हवा जाते म्हणून खरंतर बेस कमी व्हायला हवा, पण या हेडफोनची रचना ते धरूनच केलेली आहे आणि त्याचा खर्ज खोलवर जातो. वरचे 'स', 'श' मात्र टोचतात, ते इक्वलायझरने उतरवावे लागतात.

डीटी ७७० घेताना ओहमकडे, म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याच्या आकड्याकडे, लक्ष द्या. ३२, ८० आणि २५० असे प्रकार मिळतात. २५० ओहमचा फोनला लावला तर आवाजच पुरेसा चढत नाही आणि मग 'बेस नाही' अशी तक्रार होते. फोन-लॅपटॉपवर ऐकणाऱ्याने ३२ किंवा ८० घ्यावा. ओहम जास्त म्हणजे बेस जास्त असं काही नसतं.

दोघांत माझी निवड डीटी ७७०. कान लहान असतील, चष्मा नसेल आणि बैठक तासाभराचीच असेल, तर एम५०एक्स घ्यायला हरकत नाही.

ओपन-बॅकबद्दल थोडक्यात. सेनहायजरच्या एचडी ६०० सारख्या हेडफोनमध्ये मागची बाजू जाळीची असते, त्यामुळे आवाज मोकळा येतो पण खालचा खर्ज उतरत जातो. बेससाठी हेडफोन हवा असेल तर हा रस्ता नाही. ओडिझीच्या एलसीडी-२ सारखे प्लेनर (पातळ, सपाट पडद्याचे) हेडफोन उघडे असूनही खर्ज शेवटपर्यंत टिकवतात, पण वजन ६०० ग्रॅमच्या पुढे. मानेला ते कळतं.

इअरफोनचा विचार करणाऱ्यांनी सोबत येणारे सगळे रबरी टिप घालून बघावेत. उजव्या-डाव्या कानाला वेगळा आकार लागणं अगदी नेहमीचं आहे. एका हाताने कानाचा वरचा काठ वरच्या बाजूला ओढून दुसऱ्या हाताने इअरफोन बसवला तर तो नीट आत जातो. तरी निसटत असेल तर फोमचे टिप लावावेत, ते आत फुगून फट बुजवतात. चष्म्याचा प्रश्न इथे नाही, डोक्यावर वजनही नाही. काहींना कान कोंडल्यासारखं वाटतं आणि चालताना स्वतःच्या पावलांचा आवाज आत घुमतो. तो त्रास होत असेल तर बेस कितीही चांगला असो, ते वापरलं जात नाहीत.

चष्मा, पकड आणि घाम

चष्मा लावणाऱ्यांसाठी पॅडचा मऊपणा पकडीपेक्षा महत्त्वाचा आहे. जाड, मऊ फोमचा पॅड काडीभोवती वळतो. कडक पॅड तिच्यावर टेकून बसतो आणि काडी कानशिलात रुतवतो. काड्या बारीक आणि चपट्या असलेला चष्मा घेता आला तर निम्मा प्रश्न तिथेच सुटतो. काही नॉइज कॅन्सलिंग (बाहेरचा गोंगाट दाबणारे) हेडफोन आतल्या माइकने आवाज ऐकून हरवलेला बेस भरून काढतात. अ‍ॅपलचा एअरपॉड्स मॅक्स ते करतो, पण त्याचं वजन ३८४ ग्रॅमच्या वर आहे. जाळीच्या हेडबँडमुळे टाळूवर ओझं वाटलं जातं खरं, तरी मान वाकवून काम करणाऱ्याला तो पुढे ओढतो.

पकड जास्त वाटली तर ती सैल करता येते. हेडबँडमध्ये धातूची पट्टी असेल तर पुस्तकांची चळत करून, डोक्यापेक्षा थोडी रुंद, तिच्यावर हेडफोन रात्रभर चढवून ठेवायचा. सकाळी घालून बघायचं, गरज वाटली तरच पुन्हा. एकदम जास्त ताणू नये, कारण सैल झालेली पकड परत आणता येत नाही आणि पकडीबरोबर बेसही जातो. पट्टी प्लास्टिकची असेल तर हा प्रयोग करूच नका, बिजागरापाशी ती तडकते. मी एक जोडी अशीच घालवली आहे.

कप किती खाली ओढायचे यातही बराच फरक पडतो. कान पॅडच्या मधोमध यायला हवा. हेडबँड आखूड ठेवला की कप वर राहतात, कानाची पाळी बाहेर येते आणि जबड्याजवळ फट पडते. दोन्ही बाजू दोन खाचा जास्त उघडून बघा. पुष्कळदा तेवढ्याने खर्ज परत येतो आणि टाळूही दुखायची थांबते. कानावरचे केस मागे घेतले तर आणखी थोडा.

इक्वलायझर: आधी काढा, मग घाला

हेडफोन नीट बसल्यावरच इथे यावं. बेस वाढवायला सगळेच धावतात, पण कोंदटपणा बहुतेक वेळा २०० ते ३०० हर्ट्झच्या पट्ट्यात साठलेला असतो. तिथे दोन-तीन डेसिबल कमी केले की गाणाऱ्याचा गळा मोकळा होतो आणि खालचा खर्जही वेगळा दिसायला लागतो. त्यानंतर १०० हर्ट्झच्या खाली तीन-चार डेसिबल वाढवून बघावं. जितकं वाढवाल तितकाच प्रीअँप (इक्वलायझरमधली एकूण आवाजपातळी) खाली आणा, म्हणजे वाढ ४ असेल तर प्रीअँप उणे ४. हे केलं नाही तर जोराच्या ठोक्याला आवाज फाटतो आणि दोष हेडफोनला दिला जातो. ६ डेसिबलची वाढ म्हणजे ड्रायव्हरला त्या स्वरांसाठी चौपट पॉवर द्यायची, हे लक्षात असलं की हात आपोआप आखडतो. विंडोजवर इक्वलायझर एपीओ आणि अँड्रॉइडवर वेव्हलेट या कामाला पुरेसे आहेत. वेव्हलेटमध्ये बऱ्याच हेडफोनसाठी तयार दुरुस्त्याही मिळतात.

बसवलेली सेटिंग सगळ्या आवाजपातळ्यांना चालत नाही. हळू आवाजात कानाला खालचे स्वर कमी ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ सालीच मोजून दाखवलं होतं. म्हणून रात्री हळू ऐकताना बेस पातळ लागतो आणि दुपारी मोठ्याने ऐकताना तीच सेटिंग डोक्यात घुमते. मी दोन वेगळ्या सेटिंग जपून ठेवते. हळू ऐकायची जी आहे तिच्यात बेस जास्त आहे, आणि वापरात बहुतेक तीच असते, कारण बेस मिळावा म्हणून आवाज वाढवण्यापेक्षा आवाज कमी ठेवून बेस वाढवणं कानांना सोसतं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास अशी आहे. दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो: ८३ ला २० तास, ८६ ला १०. बेसवाले हेडफोन घालून आपण कधी ८६ च्या वर गेलो ते कळत नाही, कारण खर्ज कानाला टोचत नाही.

वापरून वर्ष-दोन वर्षं झाली आणि बेस हळूहळू उतरल्यासारखा वाटला, तर नवीन हेडफोन शोधण्याआधी पॅड बोटाने दाबून बघा. फोम बसला असेल, चामड्याला भेगा पडल्या असतील, तर नवे पॅड घ्या, शक्यतो त्याच कंपनीचे आणि त्याच कापडाचे. एकदा घाम येतो म्हणून मी चामड्याचे काढून मखमली लावले होते. कान गार राहिले, पण डग्ग्याचा घुमारा अर्ध्यावर आला. आठवड्याने पुन्हा चामड्याचेच लावले आणि दर तासाला पाच मिनिटं हेडफोन काढून ठेवायला सुरुवात केली.