पुण्यातील व्यसनमुक्ती उपचार : सरकारी रुग्णालय की निवासी केंद्र?

वर्षानुवर्षे रोज दारू घेणाऱ्याने ती एकाएकी सोडल्यास पहिल्या काही दिवसांत फिट येण्याचा किंवा भ्रम होण्याचा धोका असतो, म्हणून अशा रुग्णासाठी ससूनसारख्या सरकारी रुग्णालयाचा मानसोपचार विभाग मला आधी योग्य वाटतो. तेथे खर्चही कमी येतो. मात्र शरीर सावरल्यावर लागणारे दीर्घ समुपदेशन गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात मिळणे कठीण असते. १९८६ साली सुरू झालेल्या मुक्तांगणसारख्या निवासी केंद्रात समुपदेशन, गटचर्चा आणि कुटुंबीयांची तयारी हेच मुख्य काम असते, पण तेथील शुल्काची तजवीज करावी लागते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजारांसाठी शारीरिक आजारांप्रमाणेच तरतूद बंधनकारक केली असून त्यात दारूच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थाही येतात. तरी दाखल होण्यापूर्वी पॉलिसीच्या अटी लेखी विचारून घ्याव्यात.