पाच मिनिटांत 'जंतू' दाखवणाऱ्यांपासून सावध राहा

जुलै 2021 च्या पुरानंतरची गोष्ट. उपसा केंद्रांत पाणी शिरलेलं, नळ कोरडे, आणि आम्ही कोल्हापूरच्या गंगावेशीतली माणसं टँकरवर आणि बोअरवर दिवस काढत होतो. आई उकळल्याशिवाय कुणाला घोटभर पाणी देत नव्हती. 2012 साली इचलकरंजीत काविळीची साथ आली, तेव्हापासून तिनं पाण्याचा धसकाच घेतलाय.

अशात गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली दोन पोरं दारात आली. "मावशी, पूर आलेल्या भागातलं पाणी फुकट तपासतोय." एका ग्लासात आमच्या बोअरचं पाणी, दुसऱ्यात त्यांच्या बाटलीतलं. दोन्हींत धातूच्या कांड्या सोडून प्लग लावला. बघता बघता आमचं पाणी तपकिरी-हिरवं झालं, वर घाण तरंगली. त्यांचं मात्र नितळ. "बघा, हे जंतू. हेच नातवाच्या पोटात जातंय." आईचा चेहरा पांढराफटक पडला. मीही काही विचारलं नाही. 9,500 रुपये रोख मोजले, त्यांचं पाणी शुद्ध करायचं यंत्र भिंतीवर बसलं आणि त्याच दिवसापासून पाणी उकळणं बंद झालं.

पैशाचं दुःख आहेच, पण हे उकळणं बंद केलं ते जास्त नडलं. दहाव्या दिवशी माझ्या पोराला जुलाब लागले, सलाइन लावावं लागलं.

माझे मेहुणे साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत आहेत. त्यांनी वाटीभर पावसाचं पाणी धरलं, दोन लोखंडी खिळे बुडवून बॅटरी जोडली. पाणी तसंच स्वच्छ. मग चिमूटभर मीठ टाकलं, तर थोड्या वेळात तोच तपकिरी गाळ! "आता मिठात कुठले जंतू?" पाण्यात क्षार असले की वीज वाहते, लोखंड झिजतं आणि त्याचा गंज दिसतो, एवढंच. त्या पोरांच्या बाटलीत क्षार काढलेलं पाणी असणार.

यंत्र उघडलं तर आत कापडी गाळणी आणि कोळसा. जंतू मारणारा दिवा नाहीच. मेहुण्यांनी हायड्रोजन सल्फाइड चाचणीची बाटली आणून यंत्राचंच पाणी भरून ठेवलं. दुसऱ्या दिवशी ते काळंकुट्ट! विष्ठेतले जंतू असल्याची ती खूण.

खरी तपासणी पाच मिनिटांत होतच नाही. जंतू वाढून दिसायला निदान 24 ते 48 तास लागतात. 100 मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय, म्हणजे विष्ठेतून येणारा जंतू, एकही सापडता कामा नये, असं आपलं भारतीय मानक सांगतं. नमुना न्यायचा तर प्रयोगशाळेतूनच निर्जंतुक बाटली घ्या. तिच्यात क्लोरीन मोडणारं औषध असतं, म्हणून ती खंगाळायची नाही. भरली की बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवायची.

पावतीवरचा नंबर बंद लागतो. पोलिसांत अर्ज दिलाय. पण ही पोरं अजून फिरत असणार. तुमच्याकडं आली तर त्यांच्याच बाटलीतल्या पाण्यात चिमूटभर मीठ टाका आणि म्हणावं, आता सोडा कांड्या.